‘कुक करा’ म्हणजे नेमके काय करा?

‘कुक करणे’ हे क्रियापद शहरी मराठीच्या बोलण्यात आता रुळले आहे, आणि बोलण्यातून ते पाककृतींच्या लेखनात, ओव्हनच्या माहितीपुस्तिकांत आणि तयार पिठांच्या पाकिटांवर उतरू लागले आहे. त्याला हरकत घेणारे बहुतेक वेळा एकच कारण देतात, की हा शब्द परका आहे. त्याची बाजू घेणारे म्हणतात, की भाषा वाहती असते आणि तिच्यात बाहेरचे शब्द येणारच. मला या वादातला मूळ प्रश्नच चुकलेला वाटतो. या शब्दाचे कूळ नीट पाहिले, तर त्याला परका म्हणून दाराबाहेर ठेवता येत नाही. आणि त्याचा अर्थ नीट पाहिला, तर मराठी पाककृतीत त्याला पाट मांडून बसवण्याचे कारणही सापडत नाही. शब्दाचा निवाडा त्याच्या कामावरून व्हावा, कुळावरून होऊ नये, एवढे एकच म्हणणे या क्रियापदाच्या निमित्ताने मला मांडायचे आहे.

हा विचार डोक्यात पक्का बसला तो एका पाकिटामुळे. माझा भाचा डब्लिनला असतो. तिथल्या भारतीय दुकानातून त्याने तयार पिठल्याच्या मिश्रणाचे पाकीट आणले. पाकिटाच्या मागे इंग्रजी कृती होती आणि खाली तिचे मराठी भाषांतर होते: ‘कांदा सोनेरी होईपर्यंत शिजवा. पाणी व मिश्रण घाला. पाच मिनिटे शिजवा.’ त्याने तसेच केले. कांद्यात थोडे पाणी घालून तो शिजवला, सोनेरी होण्याची वाट पाहिली, तो पांढराफटक आणि लिबलिबीत झाला, मग पाणी आणि पीठ एकदम ओतले आणि पातेलेभर गुठळ्या झाल्या. शेवटी त्याने माझ्या आईला फोन लावला आणि विचारले, “आजी, कांदा किती वेळ कुक करायचा असतो?” आई म्हणाली, “कुक म्हणजे काय रे? परतायचा म्हणतोस की शिजवायचा?” त्याच्याजवळ उत्तर नव्हते, कारण या दोन शब्दांत काही फरक आहे हे त्या पाकिटाने त्याला कळूच दिले नव्हते.

या भाषांतरात व्याकरणाची चूक एकही नाही. इंग्रजीत जिथे ‘कुक’ होते तिथे शब्दकोशात सापडणारा पहिला प्रतिशब्द बसवला आहे, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. तो समजून घ्यायचा तर या इंग्रजी क्रियापदाचा प्रवास पाहायला हवा, आणि तो प्रवास इतका सुंदर आहे की त्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी.

इंग्रजीत ‘कुक’ हे आधी नाम होते. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकले, त्याच्याही आधीपासून स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तिथे ‘कोक’ म्हणत, आणि तो शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कोकुस’वरून आलेला होता. या नामाचे क्रियापद झाले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर इंग्रजांच्या चुली थंड नव्हत्या. भट्टीत भाजायला ‘बेक’ आणि पाण्यात उकळायला ‘सीद’ अशी घरची क्रियापदे त्यांच्याकडे होतीच. पण प्रत्येक प्रकारच्या रांधण्यावर छत्री धरणारे हे क्रियापद त्यांनी आचाऱ्याच्या नावावरून तयार केले, म्हणजे आचारी जे करतो ते ‘कुक’. आचारी हातात काय धरतो, पातेल्यात पाणी घालतो की तेल, याबद्दल या शब्दाला जन्मापासूनच काही सांगायचे नव्हते.

लॅटिन ‘कोकुस’च्या मागे ‘कोक्वेरे’ हे क्रियापद आहे, आणि इथे गोष्ट आपल्या घरात शिरते. ‘कोक्वेरे’ आणि संस्कृत ‘पच्’ हे एकाच धातूचे दोन वंशज आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी त्या मूळ इंडो-युरोपीय धातूचे रूप ‘पेक्व्’ असे मांडले आहे. आपल्याकडे सुरुवातीचा ‘प’ टिकला आणि पुढच्या ‘क्व’चा ‘च’ झाला; लॅटिनच्या पूर्वजभाषेत मात्र असा नियम होता, की शब्दात आधी ‘प’ आणि पुढे ‘क्व’ आला, तर पुढच्याच्या ओढीने आधीचा ‘प’सुद्धा ‘क्व’ व्हावा. हा नियम या एका शब्दापुरता शोधलेला नाही. संस्कृतात ‘पञ्च’ तर लॅटिनमध्ये ‘क्वींक्वे’, हा त्याच नियमाचा दुसरा दाखला आहे. म्हणजे आपला ‘पाच’ हा आकडा आणि आपला ‘पाक’ हे दोन्ही एकाच रीतीने रोमला जाऊन बदलले. संस्कृतातही ‘वच्’पासून ‘वाक्’ आणि ‘शुच्’पासून ‘शोक’ होतो तसा ‘पच्’पासून ‘पाक’ होतो आणि जुना ‘क’ पुन्हा दिसू लागतो. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाबद्दल जे विधान केले, त्याचा पुरावा असा आपल्या स्वयंपाकघरातच पडलेला आहे. ‘स्वयंपाक’ या शब्दातला ‘पाक’ आणि इंग्रजांचा ‘कुक’ हे चुलत भाऊ आहेत.

या धातूचा मूळ अर्थ मला त्याच्या रूपापेक्षाही मोलाचा वाटतो. उष्णतेने कच्च्याचे पक्के होणे, ही ती कल्पना आहे, आणि ती उष्णता चुलीची असू शकते, सूर्याची असू शकते किंवा पोटातलीही असू शकते. लॅटिन ‘कोक्वेरे’ला हे तिन्ही अर्थ होते. व्हर्जिल हा रोमन कवी शेतीवरच्या आपल्या काव्यात उन्हाने तापलेल्या खडकांवर द्राक्षे पिकतात असे सांगतो, तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो. संस्कृतात भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘ये पचन्त्यात्मकारणात्’ असे म्हटले आहे, तिथे ‘पच्’ म्हणजे रांधणे, स्वतःपुरतेच शिजवून खाणे. आणि त्याच गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘पचाम्यन्नं चतुर्विधम्’ असे भगवंत म्हणतात, तिथे ‘पच्’ म्हणजे जठराग्नीने अन्न जिरवणे. एकाच ग्रंथात एकच धातू चुलीवरही आहे आणि पोटातही आहे. ग्रीक शाखेतून इंग्रजीत पोचलेला ‘पेप्सिन’ हा पाचकरसाचा शब्दही याच घरातला, दोनदा भाजलेले म्हणून ‘बिस्किट’ हेही याच घरातले, आणि आपल्या ‘पक्का’वरून इंग्रजीने उचललेला ‘पक्का’ही याच घरातला.

पुढे दोन्ही भाषांनी या वारशाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीने आपल्या ‘कुक’मधून पिकणे आणि पचणे काढून टाकले आणि फक्त चुलीची उष्णता ठेवली. मराठीने एकाच धातूची वाटणी करून तीन ठिकाणी संसार थाटला. शेतात ‘पीक’ आले, अढीत आंबा ‘पिकू’ लागला, पोटात अन्न ‘पचू’ लागले, आणि स्वयंपाकघरात ‘पाक’, ‘पक्वान्न’ आणि एकतारी-दोनतारी साखरेचा ‘पाक’ राहिला. संस्कृतात ‘पाचक’ म्हणजे स्वयंपाक करणारा. मराठीत ‘पाचक’ म्हटले की ओव्याची पूड किंवा आल्याचा रस आठवतो. एक गोष्ट मात्र मराठीने स्वयंपाकघरातून घालवली, ती म्हणजे रांधणे या अर्थाचे ‘पचणे’ हे क्रियापद. ‘मी भात पचते’ असे कोणी म्हणत नाही.

मग सर्व प्रकारच्या रांधण्यासाठी मराठी घरात कोणते क्रियापद आहे? ‘शिजवणे’ हे उत्तर लगेच सुचते, आणि ते बरोबर नाही. रोजचे बोलणे आठवून पाहावे. ‘आज भाजी काय केलीस?’, ‘पोळ्या करून झाल्या का?’, ‘आमटी करते, भात लावते, कुकर झाला की हाक मारते.’ सगळ्यांवर छत्री धरणारे मराठी क्रियापद ‘करणे’ हे आहे. ‘पोळ्या शिजवल्या’ म्हणणाऱ्या माणसाने पोळी कधी केलेली नसावी. ‘शिजवणे’ला स्वतःचा, नेमका, ठाम अर्थ आहे: ओलाव्यात आणि उष्णतेत पदार्थ आतपर्यंत मऊ होणे. म्हणून तर शितावरून भाताची परीक्षा होते; शीत दोन बोटांत दाबायचे आणि ते मधोमध कणीदार लागते की नाही ते पाहायचे. शिजलेला कांदा सोनेरी होत नाही. सोनेरी होतो तो परतलेला कांदा. पाकिटावरच्या त्या वाक्याने माझ्या भाच्याला जे सांगितले ते कोणाच्याही हातून घडण्यासारखे नव्हते.

आईने त्याला फोनवर पिठले कसे सांगितले, ते मी शेजारी बसून ऐकले. तेल तापले की मोहरी तडतडू दे, हिंग-हळद घाल, कांदा घाल आणि तो गुलाबी होईपर्यंत परत, हात थांबवू नकोस. मग पाणी घाल, मीठ घाल, आधण येऊ दे. चांगले खळखळायला लागले की गॅस बारीक कर, एका हाताने पीठ वैर आणि दुसऱ्या हाताने घोटत राहा. घट्ट झाले, रटरटायला लागले, की झाकण ठेव आणि दोन वाफा येऊ दे. या चार-पाच वाक्यांत तडतडणे, परतणे, आधण येणे, खळखळणे, वैरणे, घोटणे, रटरटणे आणि वाफ येणे अशी आठ क्रियापदे आली, आणि त्यांतल्या प्रत्येकाने एकतर हाताला काहीतरी सांगितले किंवा कानाला. ‘परतणे’ या शब्दातच उलटपालट आहे. तो ऐकणाऱ्याच्या हातात उलथने देतो. ‘वैरणे’ म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ चिमटीचिमटीने, सतत ढवळत सोडणे. ज्याला ‘वैर’ कळले त्याच्या पिठल्यात गुठळी होत नाही, कारण गुठळी होऊ नये म्हणून करायची सगळी युक्ती त्या शब्दातच भरलेली आहे. भाच्याने तो शब्द दोनदा विचारून घेतला. या सगळ्यांच्या जागी ‘कुक’ घातले तर एवढेच उरते, की खाली जाळ असू द्या.

इंग्रजी भाषा गरीब आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘फ्राय’, ‘रोस्ट’, ‘स्टीम’, ‘सिमर’ अशी नेमकी क्रियापदे तिच्याकडे आहेत आणि चांगला इंग्रजी पाककृतीकार ती जागच्या जागी वापरतो. ‘कांदा सोनेरी होईपर्यंत कुक करा’ हे इंग्रजी वाक्यही तिथल्या वाचकाला अडत नाही, कारण आधीच्या वाक्यात कढई आणि तेल येऊन गेलेले असते आणि ‘कुक’ने पोकळ ठेवलेली जागा तो संदर्भाने भरतो. आपण मात्र त्या घरातली सगळी अवजारे सोडून नेमकी छत्री तेवढी उचलून आणली, आणि ती सुद्धा अशा घरात, जिथे ‘करणे’ ही छत्री आधीपासून खुंटीला आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. इंग्रजीनेही परक्यांची क्रियापदे घेतलीच ना? घेतली. नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत ‘बॉइल’, ‘फ्राय’, ‘रोस्ट’, ‘स्ट्यू’ ही क्रियापदे फ्रेंचमधून आली आणि इंग्रजी स्वयंपाक त्यांवरच उभा आहे. पण या आयातीत घरच्या ‘सीद’चे काय झाले, ते आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावे. बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा ‘सीद’ याच क्रियापदाने सांगितली आहे. आज इंग्रज माणूस ‘सीद’ म्हणतो तो रागाने आतल्या आत खदखदण्यासाठी. पातेल्यावरून तो शब्द उतरला आहे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण ‘सॉडन’ म्हणजे एके काळी ‘उकडलेले’ होते, आज त्याचा अर्थ ‘पाण्याने भिजून चिंब’ एवढाच उरला आहे. इंग्रजीचे त्यात मोठे नुकसान झाले नाही, कारण ‘सीद’ गेले तेव्हा त्याच्या जागी तितकेच नेमके ‘बॉइल’ आले. नेमक्याच्या जागी नेमके आले तर भाषा जगते. नेमक्याच्या जागी मोघम आले तर त्या भाषेत जे सांगता येत होते ते सांगता येईनासे होते.

आपल्याकडे ‘रांधणे’ असेच मागे सरकलेले आहे. गोव्यात ‘रांदप’ हा आजही रोजचा शब्द आहे आणि कोकणात ‘रांधप’ ऐकू येते. देशावर मात्र तो ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ या म्हणण्यापुरता उरला आहे, आणि तिथेही तो बाईच्या न संपणाऱ्या कामाचे ओझे सांगायलाच येतो. ‘शिजणे’ही कारस्थानासाठी आणि ‘इथे तुमची डाळ शिजणार नाही’ असे सुनावण्यासाठी वापरात आहे. अर्थ वाढणे हे शब्द जिवंत असल्याचे लक्षण आहे. पण पातेल्याजवळचा अर्थ सुटला आणि फक्त हे लाक्षणिक अर्थ उरले, तर ‘शिजणे’ची गत ‘सीद’सारखी होईल, आणि ‘वैरणे’ला तर असा लाक्षणिक आसराही नाही.

‘कुकर’ या शब्दाबद्दल माझे मत याच कसोटीवर वेगळे आहे, आणि म्हणूनच कुळाची कसोटी मला निरुपयोगी वाटते. कुकर ही नवी वस्तू होती, तिच्याबरोबर तिचे नाव आले आणि मराठीने तिच्याभोवती स्वतःची बोली विणली: कुकर लावणे, तीन शिट्ट्या करणे, वाफ जिरू देणे, कुकर पडणे. त्याला ‘दाबपाचक’ किंवा असेच काही घडवून देण्याची गरज नाही. या भांड्याचा पूर्वज दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तेव्हा त्याने त्याला ‘डायजेस्टर’, म्हणजे पचवणारा, असे नाव दिले होते. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. शिजवणे आणि पचवणे एकच मानणारी ती जुनी समजूत तिथे पुन्हा एकदा, लोखंडी झाकणाखाली, दिसते. ‘कुकर’ आणि ‘कुक’ हे शब्द एकाच कुळातले आहेत, तरी पहिल्याने मराठीत भर घातली आणि दुसरा मराठीतून काढून घेतो आहे.

हा प्रश्न केवळ बोलण्यापुरता असता तर मी एवढे लिहिले नसते. तरुण मुले आपसात ‘आज मी कुक केलं’ म्हणतात, तेव्हा ती ‘केलं’ हेच सांगत असतात आणि त्यात कोणाचे पिठले बिघडत नाही. प्रश्न सूचनांचा आहे, छापील आणि पडद्यावरच्या. अन्नपदार्थांच्या पाकिटांवरील मजकुराचे 2020 चे केंद्रीय नियम आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी असे सांगतात आणि त्याखेरीज दुसरी कोणतीही भाषा वापरायला मुभा देतात. म्हणजे मराठी मजकूर ही उत्पादकाची मर्जी आहे, आणि मर्जीने छापलेला मजकूर शेवटच्या क्षणी, इंग्रजी समोर ठेवून, शब्दास शब्द बसवून तयार केला जातो. असा मजकूर मराठी नसलेला बरा, कारण तो वाचणाऱ्याला चुकीचे शिकवतो आणि चूक त्याचीच आहे असे वाटायला लावतो. परदेशात किंवा परगावी पहिल्यांदा एकट्याने चूल पेटवणाऱ्या मुलामुलींना आईची किंवा आजीची भाषा आता पाकिटावरून आणि पडद्यावरूनच मिळते. ती तिथे पातळ झाली, तर ती दाट असलेली जागा त्यांच्या वाट्याला येतच नाही.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर जुन्या ग्रंथांच्या जतनाबद्दल बरेच बोलले गेले, आणि ते आवश्यकच आहे. पण भाषा संचालनालयाने प्रशासनाच्या आणि शास्त्रांच्या परिभाषेसाठी जे कष्ट घेतले, त्याच धर्तीवर घरगुती उपकरणांच्या आणि खाद्यपदार्थांच्या सूचनांसाठी एक लहानशी पुस्तिका काढावी, असे मी सुचवतो. तिच्यात नवे शब्द घडवण्याची गरज नाही. ‘कुक’ या एका इंग्रजी शब्दासमोर परतणे, शिजवणे, भाजणे, शेकणे, तळणे, उकडणे, वाफवणे, आटवणे आणि कढवणे हे शब्द मांडावेत आणि प्रत्येकाशेजारी एक ओळ लिहावी: तेल असेल आणि हात हलत असेल तर परतणे, कोरडी धग असेल तर भाजणे, पातळ पदार्थ आटून दाट व्हायचा असेल तर आटवणे, लोण्याचे तूप व्हायचे असेल तर कढवणे. हे काम करायला पंडितांइतकीच स्वयंपाक करणारी माणसेही बसवावीत, आणि ती कोकणातली, विदर्भातली, खानदेशातलीही असावीत, कारण या शब्दांचे सगळे बारकावे एका गावाकडे नाहीत. उत्पादकांवर सक्ती करण्याची घाई मला वाटत नाही. आधी त्यांच्यापुढे बरोबर मजकुराचा नमुना तरी असू द्या.

भाच्याने आणलेल्या त्या पाकिटाचा नमुना मी आईकडून लिहून घेतला. ‘तेलात कांदा गुलाबी परता. दोन वाट्या पाण्याला आधण आणा. गॅस बारीक करून, सतत घोटत, पीठ वैरा. झाकण ठेवून दोन वाफा येऊ द्या.’ हा सगळा मजकूर पाकिटाच्या मागच्या बाजूला, आज जिथे ‘शिजवा’ दोनदा छापलेले आहे त्या जागेत, सहज बसतो.